राखेचा खड्डा कुठाय?

सात फूट बाय अडीच फुटांचा जर्मन रेल्वे डेपो माहीमच्या आमच्या इमारतीच्या जिन्यातून उतरत नाही, हे मला मागच्याच्या मागच्या रविवारी सकाळी पावणेनऊला कळलं. हा डेपो, म्हणजे त्याचं मॉडेल, मी सव्वातीन वर्षं तिसऱ्या मजल्यावर बांधत होतो आणि आता ते दादरला छंदांच्या प्रदर्शनात न्यायचं होतं. त्यातल्या कोळशाच्या ढिगाचा उतार किती ठेवावा यात तीन आठवडे गेले. जिना मोजायला टेप काही काढली नाही. टेप हाताशीच होती.

चार कोपऱ्यांना चौघे. पुढे टेम्पोवाला आणि त्याचा पोरगा, मागे मी आणि माझा मेहुणा. मेहुण्याला मी ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून बोलावलं होतं आणि तो ते वाक्य दर पायरीला मला परत ऐकवत होता. मधल्या वळणावर कठड्यावरून उचलून घेतलं, तिथे निभावलं. दुसऱ्या मजल्यावर मात्र अडकलो. कारण दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये नानांचं चपलांचं कपाट आहे.

या कपाटाबद्दल सोसायटीच्या तीन वार्षिक सभांत ठराव झाले आहेत. जाण्या-येण्याच्या वाटेत खाजगी सामान ठेवू नये, अशी नोटीस खाली फळ्यावर लागली, ती नानांनी स्वतः चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि ‘बरोबर आहे’ म्हणाले. कपाट भिंतीला ठोकलेलं आहे. पण ते जाऊ दे.

नानांचं दार उघडलं. नाना म्हणजे रेल्वेतून रिटायर. भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मग ड्रायव्हर, शेवटी मुंबईत मोटरमन. वय ऐंशीच्या पुढे. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात चहाची बशी. त्यांनी आधी डेपोकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा डेपोकडे. बशी कपाटावर ठेवली.

“कुठली शेड?”

“जर्मनीतली, नाना. 1945. नाना, जरा ते कपाट…”

“हां, धर नीट. हलवू नको.” आणि ते चष्मा आणायला आत गेले.

खाली छोटा हत्ती उभा होता, त्याचा तासाचा रेट चालू होता. डेपोचं वजन चाळीस किलोच्या वर असेल. साडेबारा मिलिमीटरचा प्लाय, त्याखाली सागवानी चौकट. नाना चष्मा घेऊन आले आणि इंजिनाच्या तोंडापासून मागच्या बफरपर्यंत, एक शब्दही न बोलता, फायरमन ड्यूटीवर चढण्याआधी बघतो तसं बघत गेले.

“दहा चाकं जोडलेली. पुढे दोन मोकळी. मालाचं इंजिन.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. सव्वातीन वर्षांत घरी आलेल्या एकाही माणसाने चाकं मोजली नव्हती. मी म्हटलं, हे 52 नंबरच्या वर्गाचं, युद्धातलं इंजिन. जर्मनांनी आपलं चांगलं चाललेलं 50 वर्गाचं इंजिन घेतलं आणि त्यातून काढता येईल ते सगळं काढून टाकलं. सुमारे एक हजार सुटे भाग कमी केले. 1942 पासून अशी सहा हजारांवर इंजिनं बनवली. रशियाच्या थंडीसाठी ड्रायव्हरची केबिन मात्र बंदिस्त केली. टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, आंघोळीच्या टबासारखं गोल, म्हणून त्याला तिकडे टबच म्हणतात. खरं इंजिन टेंडरसकट 23 मीटर, माझं पस्तिसाव्या हिश्श्याने साडेपासष्ट सेंटिमीटर.

(काढता येईल ते सगळं काढून टाकायचं, हे तत्त्व आमच्या बिल्डरलाही ठाऊक असावं. त्याने लिफ्ट काढली, जिन्याची अर्धी रुंदी काढली. थंडी नसल्यामुळे बंदिस्त काही केलं नाही, पाऊस थेट पॅसेजमध्ये येतो.)

नाना ऐकत नव्हते. त्यांनी दोन बोटं रुळांच्या मधे धरली होती.

“गेज कमी आहे.”

“नाही नाना, बरोबर आहे. तिकडे स्टँडर्ड गेज. 1435 मिलिमीटर. इथे 41 होतात, मी कॅलिपरने मोजलेत.”

“आपलं 1676.”

“हो, पण हे जर्मनी…”

“म्हणजे मेट्रोसारखं,” नाना म्हणाले. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचं गेज त्यांनी कधी मनात माफ केलेलं नाही, ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून कळलं.

“शेठ, हात भरला,” टेम्पोवाला म्हणाला.

“थांब रे. हे टेंडरवर काय लिहिलंय?”

युद्धात जर्मन रेल्वेची एक घोषणा होती, ती मी ब्रशचे तीन केस ठेवून हाताने लिहिली आहे. मी अर्थ सांगितला: विजयासाठी चाकं फिरलीच पाहिजेत.

नानांनी इंजिनाला एक बोट लावून हलकेच ढकललं. इंजिन हललं नाही.

“फिरत नाहीत.”

“चिकटवलीत, नाना. हे स्थिर दृश्य असतं. डायोरामा.”

“मग लिहिलंस कशाला?”

मेहुणा हसला. त्याचा कोपरा दोन इंच खाली गेला आणि लॅम्पपोस्ट आडवा झाला. तो लॅम्पपोस्ट मी गिटारच्या तारेचा केला होता.

एवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांना शेडच्या कडेला उभं असलेलं काँक्रीटचं टोपण आवडलं. हा एका माणसापुरता बंकर. विमानं आली की यार्डातला पॉइंट्समन किंवा पहारेकरी यात शिरायचा, फटीतून बाहेर बघायचा. जर्मन यार्डांत असे बंकर खरंच ठेवलेले असत, कारण दोस्त राष्ट्रांची विमानं रेल्वेची यार्डंच शोधत असत. मी याला तीन थर प्लास्टर दिलंय, आत लाकडी फळीही आहे, जी कोणालाही कधीही दिसणार नाही.

“संडास एकच?” काकू म्हणाल्या. “एवढ्या सगळ्या माणसांना?”

“संडास नाही काकू, बंकर.”

“एकटाच बसतो ना आत? दार लावून?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

नाना तोवर कोळशापाशी पोचले होते. हा कोळसा मी आमच्या इस्त्रीवाल्याकडून आणला, खलबत्त्यात कुटला, तीन चाळण्यांतून चाळला. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ड्रॉपरने ओतला, म्हणजे थर न हलता आतपर्यंत मुरतो. खलबत्ता आता घरात वापरत नाहीत. नानांनी ढिगातला एक कण नखाने उपटला. उपटलाच. बोटांत चुरडला, वास घेतला.

“लाकडी आहे.”

“हो, पण दिसायला…”

“दगडी कोळसा चमकतो. हा मातकट काळा. याच्यावर स्टीम नाही धरणार. याच्यावर तू कसाऱ्यालासुद्धा नाही पोचणार.”

साडेनऊ वाजले होते. दादरच्या हॉलमध्ये दहाच्या आत मांडणी करायची होती. मला त्या क्षणी कसाऱ्याला जायचं नव्हतं, मला फक्त तळमजल्यावर जायचं होतं. मी म्हटलं, नाना, प्लीज.

आणि तेव्हा त्यांनी ते विचारलं.

“राखेचा खड्डा कुठाय?”

“काय?”

“अॅश पिट. इंजिन लाइनवरून आलं. आग साफ कुठे करणार? खालून राख कुठे पाडणार? क्लिंकर, जळून दगड झालेली राख, कुठे ओढणार? आधी कोळसा, पाणी, मग पिटवर आग साफ, मग टर्नटेबल, मग शेड. तुझ्याकडे कोळसा आहे, पाण्याचा कॉलम आहे, वाळूसुद्धा आहे. पिट नाही. ही आग घेऊन सरळ शेडमध्ये शिरणार का? लाकडी छपराखाली?”

पाय गारठले. सव्वातीन वर्षांत मी शेकडो जुने फोटो पाहिले. छपराची कौलं मोजली. छपरावर खायच्या सोड्याचा बर्फ घातला, तो पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने पिवळा पडला, तो खरवडून पुन्हा घातला, तोही पिवळा पडला. म्हणजे माझ्या जानेवारी 1945 वर दोन जुलै येऊन गेले. वापरलेली चहापत्ती वाळवून तिचा चिखल केला. या सगळ्यात खड्डा करायचा राहिला. प्लाय सपाट होता, खड्डा कापायचा कंटाळा आला असेल, किंवा सुचलाच नसेल. आणि हे मला बनियन घातलेल्या माणसाने चपलांच्या कपाटाला टेकून सांगावं!

“आणि जर्मनीच कशाला?” नानांना आता थांबवणं शक्य नव्हतं. “आपल्याकडे युद्ध नव्हतं का? माझे वडील जीआयपी रेल्वेत, वाडीबंदरला. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये बोट, फोर्ट स्टिकिन. आत कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन दारूगोळा. आणि सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत कोण भरतं? चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. पेटलेल्या गाठी हवेतून उडून वस्तीवर पडल्या. शिमल्याच्या यंत्रावर हादरा नोंदला गेला. वडील दोन दिवसांनी घरी आले, ओळखू येत नव्हते. अमेरिकेहून, कॅनडाहून बोटीने इंजिनं आली आपल्याकडे त्याच युद्धात. एडब्ल्यूडी, सीडब्ल्यूडी. ते करायचं सोडून तू…”

मी म्हणणार होतो की त्यांचे तयार संच मला कुठे मिळाले नाहीत. जर्मन इंजिनाचा मिळाला, तोही परदेशातून मागवून. खोक्याची किंमत एक, ते सोडवून घ्यायची दुसरी. पण चाळीस किलो हातात धरून माणूस असले खुलासे करत नाही. शिवाय माझी आजी गिरगावात होती तेव्हा. तिच्या तोंडून हा स्फोट मी लहानपणी दहा वेळा ऐकलाय, आणि डेपो बांधायला बसलो तेव्हा मला आठवलं काय, तर जर्मनी.

“शेठ, मी सोडतोय आता,” टेम्पोवाला म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं (पाहिलं, हलवलं नाही) आणि दाराची दोन्ही पाखं उघडली.

“ट्रँगल करा.”

“काय?”

“टर्नटेबल नसलं की इंजिन ट्रँगलवर फिरवतात. सरळ आत घ्या. मागचा भाग जिन्यातून मोकळा झाला की थांबा. मग मागे. मग खाली. अगं, सोफा ओढ.”

काकूंनी सोफा ओढला. नानांनी आतल्या कपाटातून दोन ब्लाउजपीस काढले, एक हिरवा, एक लाल. काकू ओरडल्या की तो हिरवा ओटीचा आहे. नाना दारात उभे राहिले, हिरवा हलवत. आम्ही डेपो त्यांच्या हॉलमध्ये शिरवला. टीव्हीला चार बोटं अंतर राहिलं. लाल. थांबलो. “मागे ये, मागे ये, हळू, अरे हळू म्हणतो ना!” हिरवा. अडीच मिनिटांत डेपो वळून खालच्या जिन्याच्या तोंडाशी होता. पाऊण तास आम्ही ज्याच्यासाठी झगडत होतो ते अडीच मिनिटांत झालं. म्हणजे पहिल्याच मिनिटाला झालं असतं, पण आधी इन्स्पेक्शन.

दादरच्या हॉलमध्ये पोचलो साडेदहाला. बरी जागा गेलेली. छंदांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर कार्ड होतं: ‘गट: टाकाऊतून टिकाऊ’. शेजारी बाटल्यांच्या बुचांचा मोर. मी संयोजकांना म्हटलं, यात टाकाऊ काही नाही. ते चहापत्तीकडे बघत म्हणाले, “पण चहापत्ती आहे ना?” दिवसभरात तिघांनी विचारलं, गणपतीसाठी आहे का. एकाने विचारलं, किती मिळतील याचे. पंचेचाळिशीच्या माणसाने कार घेतली, तिचा हप्ता भरला, ती रस्त्यावर उभी करून रोज दुसऱ्याच्या गाडीचा आरसा तोडला, तर त्याला कोणी विचारत नाही किती मिळतील. दिवसभरात एकानेही विचारलं नाही राखेचा खड्डा कुठाय, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. उत्तेजनार्थ बक्षीस मोराला मिळालं.

रात्री साडेनऊला परत. मेहुणा दुपारीच सटकला होता. टेम्पोवाल्याने आणि त्याच्या पोराने दुसऱ्या मजल्यापर्यंत आणलं आणि तिथे जे थांबले ते थांबलेच. वर नाही, म्हणाले, पैसे नको पण वर नाही. नानांचं दार उघडं होतं. दिवाणाला लागून दोन स्टुलं आधीच मांडलेली. “आत घ्या,” नाना म्हणाले, “सकाळी बघू.”

त्या सकाळीला आज अकरा दिवस झाले. मी रोज ऑफिसातून आलो की बेल वाजवतो आणि पाहुण्यासारखा माझ्या डेपोत जातो. तिसऱ्या दिवशी काडेपेटीएवढे दगडी कोळशाचे दोन तुकडे आले. कुठून ते सांगत नाहीत. सहाव्या दिवशी शेडच्या अलीकडच्या लाइनखाली पेन्सिलने आखलेला चौकोन दिसला. मी म्हटलं, नाना, कापू नका, मी करतो. ते “हो हो” म्हणाले. आठव्या दिवशी तिथे खड्डा होता. पटाशीने कापलेला, कडा ओबडधोबड, रुळांच्या बरोबर मधे, 41 मिलिमीटरला तंतोतंत. आत उदबत्तीची राख. मला राग आलाय, अजून आहे. खड्डा बरोबर जागी आहे.

बर्फ त्यांनी पुसून टाकलाय, ‘बुरशी होती’ म्हणाले.

काल मला उशीर झाला, दहा वाजून गेले. बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडल्या, “अहो, रात्रपाळीचा आला!”