आमच्या खाडीवर पण लिहा की कोणीतरी

लेख आवडला, भारतातल्या जगण्यावरच्या नव्या पुस्तकांची यादी मस्त दिलीय, पण खरं सांगू का, इतिहास म्हटलं की राजेमहाराजे आणि फाळणी, आणि आजचं म्हटलं की दिल्ली नाहीतर बंगलोरचे आयटीवाले, मधली माणसं कुठे गेली?

मी नवी मुंबईत नेरुळला राहतो, शेजारच्या करावे गावातली एक आजी आमच्याकडे मासळी घेऊन यायची, ती एकदा गॅलरीतून समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून म्हणाली तिथं आमचं भात व्हायचं, बांध फुटला की खारं पाणी शिरायचं आन् सगलं शेत जायचं. तेवढं बोलली आणि परत निवट्यांचा (खाडीच्या चिखलातली मासळी) भाव सांगायला लागली 😀 हे कुठल्या पुस्तकात येणार?

नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी 1970 ला आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी 1984 मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात 5 शेतकरी गोळीबारात गेले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. माझ्या पोरीला विचारलं तर तिला दिबा म्हणजे फक्त नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद एवढंच माहीत.

2025 चा इंटरनॅशनल बुकर पुरस्कार कन्नड कथांना मिळाला ना, घरातल्या बायकांच्या गोष्टी त्या, म्हणजे असलं लिहिलेलं लोक वाचतात. मग आमच्या इथल्या आगरी बोलीत, अनुवादासकट, का नाही येत? ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात परवा विचारून आलो, दोन जुनी पुस्तकं काढून दिली त्यांनी, एकाची पानं हातात येतायत पण वाचतोय.