स्पर्धा हवी, पण आपसातली

अभिनंदन! विद्यापीठाच्या इमारत समितीवर तुमची वर्णी लागली. मुलींच्या वसतिगृहाचं वीस कोटींचं काम निघालंय, ते कुणाला द्यायचं हे तुमच्या नेमणुकीआधीच वर ठरलंय आणि आता फक्त निविदा काढायची बाकी आहे. घाबरून जाऊ नका. नियम मोडायची वेळ तुमच्यावर येणार नाही. मोडतात ते नवखे. तुम्ही नियम पाळायचे, अगदी काना-मात्रेसकट.

सगळा जीव पात्रतेच्या अटींत असतो. केंद्रीय दक्षता आयोगाने 17 डिसेंबर 2002 च्या पत्रात त्याचा हिशेब घालून दिलाय: गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं, प्रत्येक अंदाजित खर्चाच्या 40 टक्क्यांचं, नाहीतर 50 टक्क्यांची दोन, नाहीतर 80 टक्क्यांचं एकच. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान 30 टक्के. म्हणजे आपल्याकडे आठ-आठ कोटींची तीन, दहा-दहाची दोन किंवा सोळा कोटींचं एक. पत्र केंद्राच्या संस्थांसाठी असलं तरी आकडे बेलाशक उचला, कुणी हरकत घेणार नाही. तुमचं कसब लागतं ते 'तशाच स्वरूपाची' कामं कोणती हे ठरवताना. हॉस्पिटल बांधणारा चालेल? छे, तिथे रुग्ण राहतात. हॉटेलवाला? तिथे तर कुणी अभ्याससुद्धा करत नाही. मग लिहा: 'शैक्षणिक आवारात, वर्ग सुरू असताना पूर्ण केलेलं, चार मजल्यांवरचं, सौर बंबांसहितचं निवासी बांधकाम'. असं काम अख्ख्या विभागात एकाच माणसाने केलेलं निघालं, तर तो त्याचा अनुभव. तुमचा काय दोष?

तेवढ्याने भागलं नाही, तर रेडिमिक्सची अट घाला. 'स्वतःच्या मालकीचा प्लांट कामाच्या जागेपासून इतक्या किलोमीटरच्या आत.' काँक्रीट वाटेत आळू नये ही तुमची कळकळ. आकडा मात्र आपल्या माणसाच्या प्लांटपासून गाडी काढून, मीटर बघत बघत ठरवा.

आणि जागेच्या पाहणीचा दाखला विसरू नका. ऑनलाइन निविदेत कोण भरतोय हे उघडेपर्यंत कळत नाही म्हणे. पण दाखल्यासाठी प्रत्येकाला विद्यापीठ अभियंत्याकडे यावं लागतं आणि रजिस्टरात नाव, फर्म, मोबाइल नंबर लिहावा लागतो. संध्याकाळपर्यंत पाहुण्यांची सगळी यादी तुमच्या हातात. नको असलेला पाहुणा आला की साहेब दौऱ्यावर असतात. दुसऱ्या दिवशी आला की मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी आत्ताच जेवायला गेलेले असतात. चौथ्या दिवशी मुदत संपते.

मुदतीत कंजूषपणा करू नका. केंद्राच्या वित्तीय नियमांत साधारण तीन आठवडे सांगितलेत, तीनच द्या. फक्त त्यात धनत्रयोदशी ते भाऊबीज नीट बसवा. त्याहून घाई असेल तर विद्यापीठाचा दर्जा तपासायला नॅक समिती येतेय म्हणा. नॅक नेहमीच येत असते.

आता स्पर्धा. एकट्याचीच निविदा आली तर फेरनिविदेची कटकट, म्हणून आपला माणूस दोन सपोर्टिंग टेंडरं, म्हणजे हरण्यासाठीच भरलेल्या निविदा, सोबत आणतो. एक सहा टक्के चढ्या दराचं, एक नऊ टक्के. पद्धत जुनी आणि सभ्य आहे. फक्त तिन्ही फर्मांची पत्रं एकाच ऑपरेटरने टाइप केलेली नसावीत. तिन्ही पत्रांत 'वस्तीगृह' असंच लिहिलेलं असलं आणि तिन्ही बँक हमींचे क्रमांक ओळीने आले, तर लेखापरीक्षकालाही नाइलाजाने बघावं लागतं. शिवाय स्पर्धा कायदा, 2002 मध्ये निविदांतलं संगनमत कलम 3(3)(ड) खाली येतं, आणि पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांत ते झाल्याचं स्पर्धा आयोगाने 2018 साली ठरवलेलं आहे. याच कायद्यात एक खोडी आहे: रिंगमधला जो पहिला जाऊन सगळं ओकेल, त्याचा दंड 100 टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. तेव्हा सपोर्टिंगवाल्या दोघांना कधी उपाशी ठेवू नका. पुढच्या वेळी ग्रंथालयाचा मजला एकाला, कुंपणाची भिंत दुसऱ्याला.

सर्वात कमी दर आपल्याच माणसाचा यावा आणि तरी त्याचं पोट भरावं, ही सोय जमिनीत असते. दर बाबनिहाय मागवा. अंदाजपत्रकात खोदाई दाखवा बहुतेक सगळी मुरुमाची. कठीण खडक नावापुरता, चाळीस घनमीटर. आपला माणूस मुरूम जवळजवळ फुकट खोदायला तयार होतो आणि खडकाला अव्वाच्या सव्वा दर लावतो. बेरीज मारली की तोच एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचा, आणि सरळ मार्गाने. मग खोदायला घेतलं की दोन फुटांवर काळा पाषाण! दख्खनच्या पठारावर खडक लागला याचं मनापासून आश्चर्य वाटेल असा अभियंता हाताशी ठेवा. विद्यापीठात भूशास्त्र विभाग असेल तर त्या मंडळींना चुकूनही विचारू नका, ते सांगतील. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कराराच्या नमुन्यात 25 टक्क्यांपलीकडच्या वाढीव खोदाईला दरसूचीचा दर लावायची मेख आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या छापील अटींत ते कलम टायपिंगच्या चुकीने गळू शकतं.

एखादा हरलेला कोर्टात गेलाच तर जाऊ द्या. टाटा सेल्युलर खटल्यात 1994 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की न्यायालय निर्णयावर अपील ऐकायला बसत नाही, निर्णय कसा घेतला ते बघतं. आणि तुमची फाइल बघण्यासारखीच आहे: तीन निविदा, तुलनात्मक तक्ता, समितीचं इतिवृत्त, प्रत्येक पानावर सही.

राहिली कोनशिला. हिच्याबाबतीत मात्र कसलाही खेळ करू नका. तीन वेगवेगळ्या कारागिरांकडून खरीखुरी कोटेशनं मागवा, ग्रॅनाइट हात लावून बघा, अक्षरांचा नमुना घ्या, आणि सगळ्यात चांगलं काम करील त्यालाच द्या. मंत्र्यांचं नाव आहे तिच्यावर.