खोवेन, शिडी मागे आहे!

मेक्सिकोत माणूस कितीही पिकला तरी त्याला 'खोवेन' म्हणतात. खोवेन म्हणजे तरुण. हॉटेलातला साठीचा वाढपीही खोवेन आणि गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरणारा शेहेचाळीस वर्षांचा मीही खोवेन. पुएब्लाला बदली होऊन आलो तेव्हा या एका शब्दाने मूठभर मांस चढलं होतं. ते डिसेंबरात उतरलं.

चूक माझीच. घरमालकीण सेन्योरांकडे पोसादाची, म्हणजे नाताळआधीच्या उत्सवाची तयारी चालली होती. १६ ते २४ डिसेंबर, नऊ रात्री, रोज गल्लीतल्या कुणा ना कुणाच्या दारी. मी सहज बोलून गेलो, "आमच्या पुण्यात गणपती मंडळात दहा वर्षं पताका लावल्यात मी!" (खरं म्हणजे दहा वर्षं मी शिडी धरली.) सेन्योरांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि हातात एक गठ्ठा ठेवला. "खोवेन, शिडी मागे आहे."

गठ्ठ्यात पापेल पिकादो होतं. आपल्या पताकांचा हा कलावंत मावसभाऊ. पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद, पन्नासेक एकावर एक रचायचे आणि छिन्नी-हातोडीने ठोकून त्यांत कबुतरं, घंटा, फुलं कोरायची. याच राज्यातल्या सान साल्वादोर विस्कोलोत्ला गावची ही ख्यातीची कारागिरी. प्लास्टिकचंही मिळतं, पण मी तसं सुचवल्यावर सेन्योरांचा चेहरा असा झाला, जणू मी गणपतीला प्लास्टिकच्या दूर्वा वाहा म्हणालो.

वारा सुटला होता. पहिली माळ माझ्या गळ्यात पडली, दुसरी चष्म्यात अडकली, तिसरी कशीबशी समोरच्या गच्चीपर्यंत पोचली. प्रत्येक कागदावर 'फेलिस नाविदाद', म्हणजे नाताळच्या शुभेच्छा, आरपार कोरलेल्या. सेन्योरा रस्त्याच्या या टोकाला उभ्या राहून म्हणाल्या, "उलटं वाचता येतंय." मी माळ फिरवली. मग त्यांच्या धाकट्या बहीणबाई त्या टोकाहून ओरडल्या, "आता उलटं झालं!" आरपार कोरलेलं अक्षर एका बाजूने सुलट तर दुसऱ्या बाजूने उलट दिसणारच, हे माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगता येईना. दोघी बहिणींचं बहुधा जुनं काहीतरी होतं. मी चार वेळा माळ फिरवली.

संध्याकाळी अर्धी गल्ली मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर उभी राहिली आणि अर्धी आत. बाहेरचे येशूच्या आईबाबांच्या, मरिया-योसेफच्या वतीने गाऊन आसरा मागतात, आतले गाऊनच नाही म्हणतात. भाषा कळत नसूनही हे मला शब्दन् शब्द कळलं. पुण्यात मी बॅचलर म्हणून भाड्याने जागा शोधलेली आहे. फरक एवढाच, की इथे शेवटी दार उघडतात.

आत पोंचेचा हंडा. पेरू, उसाचे करवे, दालचिनी, गूळ आणि बोरापेक्षा जरा मोठी तेखोकोते नावाची आंबटसर फळं, सगळं एकत्र उकळलेलं. मी पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात हाक आली, "खोवेन!"

आता पिन्याता, म्हणजे डोळे बांधून काठीने फोडायची टांगती हंडी. मातीच्या मडक्यावर खळीने वर्तमानपत्रं चिकटवायची, सात टोकं काढायची, झिरमिळ्या लावायच्या. आत शेंगा, ऊस, संत्री, गोळ्या. सात टोकं म्हणजे सात महापापं, काठी म्हणजे सद्गुण, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे श्रद्धा. त्या सातांपैकी राग, लोभ आणि आळस मी दुपारी शिडीवरच उरकले होते. १५८७ साली अकोल्मान गावच्या, आउगुस्तिनो पंथाच्या एका धर्मगुरूने पोपकडून नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या उत्सवाची परवानगी आणली, तिथून हे सगळं सुरू झालं म्हणतात. त्या परवानगीत दोरी कोण धरणार हे लिहिलं असतं, तर बरं झालं असतं.

कारण ती मला धरायला दिली. दहीहंडीत हंडी बिचारी एका जागी असते, माणसं धडपडतात. इथे हंडीच पळते आणि तिला पळवणारा गच्चीवर. पहिली आली चार वर्षांची चिमुरडी. मला दया आली, मी पिन्याता तिच्या नाकासमोर सोडली. गल्ली खवळली: इतक्या लवकर फुटली तर बाकीच्या पोरांनी काय करायचं? पुढच्याला वर ओढली, तर त्याची आजी खवळली: पोराला एक तरी फटका मारू द्याल की नाही? मग प्रत्येक आईने आपापल्या पोराच्या वेळी मला खाली-वरच्या खुणा सुरू केल्या. अंपायरला एवढं कुणी बोलत नाही.

शेवटी एका दांडग्या पोराने मडकं फोडलं. क्षणात खाली माणसांचा ढीग. मी दोरीला हिसका बसून गच्चीवर बसकण मारलेली, आणि खाली उतरेपर्यंत अंगणात शेंगांची टरफलंही उरली नव्हती. पोंचे संपलं होतं. ती चिमुरडी मात्र आली, पिन्यात्याचं तुटलेलं एक टोक टोपीसारखं माझ्या डोक्यावर ठेवून पळाली. कुठलं पाप होतं, विचारायचं राहिलं.

तेवढ्यात सेन्योरा आल्या. खूश होत्या. "छान झालं हं, खोवेन. आज सोळा तारीख. उद्या माझ्या बहिणीकडे. शिडी तिकडेच नेऊन ठेवा."