किंत्सुगी: फुटलेला कप सोन्याने नव्हे, चिकाने जोडतात

‘जपानी लोक फुटलेल्या भांड्यांच्या भेगांत वितळलेलं सोनं ओतून ती आधीपेक्षा मजबूत करतात. एका शोगुनचा (लष्करी शासकाचा) वाडगा फुटला, त्यातून ही कला जन्मली. तुम्हीही किट आणा, दहा मिनिटांत जमेल.’ हा मजकूर फिरत फिरत भाचीपर्यंत पोहोचला आणि ती चहाच्या कपासाठी किट मागवायला निघाली. आता गप्प बसणं शक्य नाही.

सोनं १०६४ अंशांना वितळतं. तो रस चिनी मातीवर ओतला तर कप आणखी तडकेल. तुकडे धरून ठेवतो तो उरुशी, एका झाडाचा चीक. मैदा पाण्यात मळायचा, त्यात कच्चा उरुशी घोटायचा, तार सुटू लागली की कडांना अगदी पातळ लावून तुकडे दाबून बसवायचे. मग भांडं दमट पेटीत: २० ते २५ अंश, ७० ते ८० टक्के आर्द्रता, निदान दोन आठवडे. उरुशी पाणी उडून वाळत नाही. त्यातलं एन्झाइम दमट हवेतच काम करतं, म्हणून कोरड्या खोलीत जोड चिकटच राहतो. थर जाड झाला तर वरून सुरकुततो आणि आत ओला राहतो. टवके उडालेली जागा मातीची बारीक पूड आणि उरुशी कालवून भरायची, घासून सपाट करायची. शेवटी लाल उरुशीची बारीक रेघ ओढायची आणि ती अर्धवट वाळली की वर सोन्याची पूड भुरभुरायची. सोन्याचं काम एवढंच.

मजबुतीचं म्हणाल तर असं भांडं मायक्रोवेव्हमध्ये किंवा डिशवॉशरमध्ये घालत नाहीत, यातच उत्तर आलं.

शोगुन आशिकागा योशिमासाचा म्हणतात तो वाडगा टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जपानी विद्वान इतो तोगाइ यांच्या १७२७ च्या नोंदीनुसार तडा गेल्यावर तो चीनला पाठवला, तसा दुसरा मिळेना, म्हणून धातूचे टाके मारून परत आला. टाके आजही तसेच आहेत, सोन्याचा जोड नाही. जोडावर सोन्याची रेघ असलेलं भांडं मोलाचं मानलं जातं, हे मात्र खरं. जुना जपानी कलावंत होनआमी कोएत्सुचा ‘सेप्पो’ हा चहाचा वाडगा तसाच आहे.

खरा धोका किटचा. दहा मिनिटांत जोडणारं किट म्हणजे इपॉक्सी (कृत्रिम राळेचा गोंद) आणि सोनेरी रंगाची पूड, बहुधा पितळेची किंवा अभ्रकाची. साधा इपॉक्सी गरम चहाने मऊ पडतो, आणि तो खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी नसतोच. खऱ्या उरुशीचं किट आलं, तर ओला चीक कातडीला लागता कामा नये. तो आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला. तसाच उततो, फोड येतात, खाज कित्येक दिवस जात नाही. हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच. चीक लागलाच, तर आधी खाद्यतेलाने पुसायचा, मग साबणाने धुवायचा.

इपॉक्सीने जोडलेल्या कपात पेनं ठेवा, चहा नको.