चित्रांना ऊन दाखवा

तालुक्याच्या संग्रहालयात आपल्या भागातल्या चित्रकाराच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय ना भाऊ? अभिनंदन. नागपूरचं अजब बंगला हे संग्रहालय १८६३चं, वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८चं. म्हणजे विचारायला जागा आहेत. म्हणूनच तिकडे फिरकू नका. कमिटीत एक मंडपवाला, एक फ्रेमवाला आणि एक फ्लेक्सवाला घेतला की भागतं. चित्रकाराला मात्र कमिटीत घेऊ नका, तो मधेमधे चित्रांचा विषय काढतो.

तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरवा. ती नेमकी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत निघाली तर फारच उत्तम. का ते पुढे येईलच.

आता निवड. हा माणूस पुस्तकांसाठी, दिवाळी अंकांसाठी, शाळेच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढत आला. त्याचं काम छापील पानावर पुरं होतं. मजकूर कुठे बसला, चित्र पानाच्या घडीत कुठे कापलं गेलं, हे मूळ चित्राशेजारी छापलेलं पान ठेवल्याशिवाय कळत नाही. तेव्हा छापलेली पुस्तकं रद्दी म्हणून बाजूला सारा. कच्ची रेखाटनं आणि संपादकाने परत पाठवलेली मुखपृष्ठंही नकोत. एका मुखपृष्ठासाठी चार मांडण्या केल्या आणि त्यातली तिसरी निवडली, हे लोकांना दिसलं तर चित्र काढायला डोकं लागतं असा गैरसमज पसरेल. बैलजोडी, पाणवठा, डोईवर घागर घेतलेली बाई एवढंच लावा. तेही काढलेल्या सालाप्रमाणे नको, फ्रेमच्या मापाप्रमाणे लावा, म्हणजे पंचवीस वर्षांत हात कसा बदलत गेला याचा कुणाला पत्ता लागणार नाही.

फ्रेमवाल्याकडे गठ्ठा देताना एकच सांगा: ‘साजरं दिसलं पाह्यजे.’ बाकी त्याला ठाऊक आहे. त्याच्याकडे तयार फ्रेम १२ बाय १८ची असते आणि चित्र थोडं मोठं, त्यामुळे तो कटरने कडा छाटतो. त्या कडांवरच तर सगळा कारखाना असतो. कोपऱ्यात ‘छापताना ७० टक्के करा’ असं लिहिलेलं, कारण मूळ चित्र छपाईपेक्षा मोठं काढतात, म्हणजे लहान करताना रेघ घट्ट होते. रंग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून काढलेल्या फुल्या तिथेच. फिकट निळ्या पेन्सिलीतल्या सूचनाही तिथेच. जुन्या छपाईच्या फिल्मवर हा निळा उमटत नसे, म्हणून तो वापरत. चित्रातही कुठे पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक, कुठे वेगळ्या कागदावर काढून चिकटवलेला चेहरा. हे दिसलं की प्रेक्षक दहा मिनिटं एकाच चित्रापुढे उभा राहतो आणि मागची रांग खोळंबते. छाटलेलं बरं.

चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, चारही कडांना, सलग. जाणकार लोक फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतात, कारण कागद दमटपणात फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि त्याला हलायला जागा लागते. आपल्या कागदाला शिस्त हवी. चारी बाजूंनी आवळला की पहिल्या आठवड्यात लाटा येतात आणि टेपचा डिंक पुढे कागदात उतरून पिवळा पडतो. मागे हार्डबोर्ड, पुढे साधं पुठ्ठ्याचं माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामधली चौकट. त्यातलं आम्ल काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी चौकट उमटवतं, म्हणजे फ्रेमच्या आत आणखी एक फ्रेम फुकट. माउंटचे पैसे वाचवायचे असतील तर काच थेट चित्रावर टेकवा. पावसाळ्यात पोस्टर कलर काचेला चिकटतो. काच काढली की चित्रही येतं.

उजेडाचं म्हणाल तर शहरातली मंडळी कागदावरच्या चित्रांना ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुरे म्हणतात आणि खोलीत अंधार करून ठेवतात. आपल्याकडे पश्चिमेची खिडकी आहे. तुरीला ऊन दाखवतो तसं चित्रांनाही दाखवा. भर दुपारचं थेट ऊन लाखभर लक्सपर्यंत जातं. हिशेब सोपा आहे: उजेडाचं नुकसान साचत जातं, म्हणून उन्हाचा एक तास म्हणजे ५० लक्सचे दोन हजार तास. संग्रहालय रोज आठ तास उघडं धरलं तर अडीचशे दिवसांचं काम तुम्ही तासाभरात उरकता. काळी भारतीय शाई कार्बनची, ती हटत नाही. स्केचपेन, रंगीत शाया आणि चमकणारे गुलाबी-पोपटी रंग आधी उडतात. प्रदर्शन संपेपर्यंत रेघा जागच्या जागी आणि रंग गायब. मुलांना रंगवायला पुस्तक तयार.

आता नवतपाचा फायदा. बाहेर हवा ठणठणीत कोरडी, ४५ अंशांचा पारा, आणि हॉलवर टिनाचं छत. पाहुण्यांसाठी वाळ्याची ताटी लावलेला मोठा कूलर आणाल, तो चित्रांच्या अगदी समोर ठेवा. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून, त्यामुळे दुपारी हॉल दमट होतो. रात्री कूलर बंद, किंवा लाइन गेलेली, की सगळं पुन्हा कोरडं. कागदाला आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर हवी असते. रोजच्या या चढउताराने तो वळतो आणि जाड लावलेल्या रंगाला भेगा जातात. नवतपा हुकला तरी खट्टू होऊ नका, पावसाळ्यात बंद हॉलमध्ये बुरशी धरते आणि खळीच्या वासाने कसर येते.

चित्रं मंडपाच्या पाइपाला बांधा, सात फुटांवर. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात म्हणे, बालपुस्तकांची चित्रं तर त्याहून खाली. पण जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं सहलीला येणारच, त्यांनी हात लावू नये म्हणून उंची बरी.

संगणकावर काढलेली चित्रं चित्रकाराकडून मूळ फाइलमध्ये मागू नका, व्हॉट्सॲपवर मागवा. साध्या दर्जात पाठवलं की तिथून लांबीला जेमतेम १६०० पिक्सेल येतात. त्यात चांगल्या छपाईचं सव्वापाच इंचांचं चित्र निघतं. तुम्ही दहा फुटी फ्लेक्स काढा: इंचाला तेरा ठिपके, बैलाचा डोळा म्हणजे एक चौकोन. वर फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर भडक हिरवा मळकट होईल, तर होऊ द्या. त्याच फ्लेक्सवर अध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि सौजन्यकर्ते यांचे फोटो तेवढे मूळ फाइलमधून घ्या.

चित्राखाली नाव, साल, माध्यम, उंची गुणिले रुंदी आणि कुठे छापलं हे लिहायची पद्धत आहे. तिथे ‘सौजन्य’ लिहा.

शेवटी परत करणं. चित्रं घेताना यादी केली नसेल, प्रत्येकाचा फोटो आणि आधीच्या डागांची नोंद नसेल, तर हे काम पाच मिनिटांचं. सगळी एकत्र गुंडाळा, रबर लावा (उन्हात ते वितळून कागदाला चिकटतं) आणि एसटीच्या डिकीत टाका. दोन-तीन कमी भरली आणि चित्रकाराचा फोन आला, तर शांतपणे विचारा, ‘झेरॉक्स असंन ना तुमच्याजवळ?’