न्यू जर्सी कुणी वाटून घेतलेली नाही

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीत एडिसनला राहतो, एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, आणि कंपनी त्याला नव्या क्लायंटकडे पाठवणार होती. क्लायंटचं ऑफिस प्रिन्स्टनला. मी सहज विचारलं, "अमेंडमेंट फाइल झाली का?" म्हणजे कामाची जागा बदलल्याचा व्हिसाचा दुरुस्ती अर्ज. तर म्हणाला, "मावशी, आता लागत नाही ते. अख्खी न्यू जर्सी एकाच एमएसएमध्ये, एकाच महानगर क्षेत्रात गेलीये. ग्रुपवर आलंय की, तू वाचलं नाहीस?"

वाचलं होतं. तीन ग्रुपांवर आलं होतं, तिन्हीकडे वाचलं आणि कोण वाद घालत बसणार म्हणून सोडून दिलं. सोडून द्यायला नको होतं. ज्या मुलाचा व्हिसा त्या ऑफिसच्या पत्त्यावर अवलंबून आहे, त्यानं तो मेसेज खरा मानून सोमवारी प्रिन्स्टनला रुजू व्हायचं ठरवलं होतं. त्याला वरून सांगणाऱ्या मॅनेजरनंही तोच मेसेज वाचला होता, हे ऐकून तर मला राग आवरेना.

मेसेज ज्यांच्यापर्यंत आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सरकारनं न्यू जर्सीच्या काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात "विलीन" केल्या, राज्य आता नावापुरतं उरलं. मिडलसेक्स, समरसेट, मॉनमथवाल्यांना लवकरच न्यूयॉर्क शहराचा आयकर लागणार. सगळं एकाच एमएसएमध्ये आल्यामुळे एच-वनवाल्यांनी राज्यात कुठंही काम बदललं तरी नवा अर्ज नको. रटगर्स या सरकारी विद्यापीठातली राज्यातल्या मुलांची सवलतीची फी बंद होणार. या रेषा राजकारणी दर वर्षी गुपचूप हलवतात. आणि शेवटी, सर्व मराठी कुटुंबांपर्यंत पोचवा.

आधी "विलीन" हा शब्द घेऊ, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपल्या लोकांना हा शब्द का पटतो ते मला कळतं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली तेव्हा त्या गावांची ग्रामपंचायत गेली, कर बदलला, बांधकामाच्या परवानगीसाठी जायचं ठिकाण बदललं. मुंबई महानगर प्रदेश म्हटलं की त्यामागे एक प्राधिकरण आहे, त्याला अधिकार आहेत, ते रस्ते आणि मेट्रो बांधतं. त्यामुळे "तुमची काउंटी न्यूयॉर्क महानगरात आली" हे वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर हद्दवाढ येते. पण अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन स्टॅटिस्टिकल एरियाला, म्हणजे एमएसएला, महापौर नाही, नगरसेवक नाहीत, ऑफिस नाही, कर बसवायचा अधिकार नाही. ती आकडेवारी मांडण्यासाठी केलेली काउंट्यांची मोळी आहे. मोळी बांधली म्हणून लाकडाचा मालक बदलत नाही.

ही मोळी बांधतं फेडरल सरकारचं ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट. कशी बांधायची याचे नियम त्यांनी १६ जुलै २०२१ ला फेडरल रजिस्टरमध्ये छापले आहेत. कुणीही फुकट वाचू शकतं, आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानंही ते उघडलेले नाहीत. नियम असा. किमान ५०,००० वस्तीचा एक सलग शहरी पट्टा लागतो. तो ज्या काउंटीत मुख्यत्वे आहे ती मध्यवर्ती काउंटी. मग शेजारच्या काउंट्या बघायच्या. तिथल्या नोकरदारांपैकी किमान २५ टक्के लोक मध्यवर्ती काउंट्यांमध्ये कामाला जात असतील, किंवा तिथल्या नोकऱ्यांपैकी किमान २५ टक्के नोकऱ्या मध्यवर्ती काउंट्यांतून येणारे लोक करत असतील, तर ती काउंटी त्या महानगराशी जोडली जाते. काउंटी अख्खी जोडली जाते, तिचे तुकडे करत नाहीत. १०,००० ते ५०,००० वस्तीच्या पट्ट्याभोवती याच रीतीनं लहान मोळी होते, तिला मायक्रोपॉलिटन म्हणतात. झालं. सकाळी ट्रेनमध्ये कोण कुठून कुठं जातं, एवढाच प्रश्न या सगळ्यामागे आहे.

अख्खी काउंटी घेतात म्हणूनच ग्रँड कॅन्यनचा बराचसा भाग एका महानगरात मोडतो. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफचं एमएसए म्हणजे पूर्ण कोकोनिनो काउंटी, आणि दरीचा बराचसा भाग त्या काउंटीत आहे. तिथं कुणी गगनचुंबी इमारती बांधल्या नाहीत. एमएसए म्हणजे शहर नव्हे, हे त्याच नियमांच्या कागदात स्पष्ट म्हटलं आहे. हंटरडनमधले शेतकरी आणि ओशन काउंटीतलं पाइन बॅरन्सचं जंगल कागदावर न्यूयॉर्कच्या मोळीत आहे आणि जागेवर शेत आणि जंगलच आहे.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. न्यू जर्सीच्या २१ पैकी प्रत्येक काउंटी कुठल्या ना कुठल्या एमएसएमध्ये आहे, आणि त्यातल्या १२ न्यूयॉर्कच्या नावाच्या एमएसएमध्ये आहेत. बर्गन, हडसन, एसेक्स, युनियन, पसेइक, मॉरिस, ससेक्स, हंटरडन, समरसेट, मिडलसेक्स, मॉनमथ, ओशन. पण १२ म्हणजे २१ नव्हेत. कॅमडेन, बर्लिंग्टन, ग्लॉस्टर आणि सेलम या चार फिलाडेल्फियाच्या. वॉरन पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या. मर्सर काउंटीचं स्वतःचं वेगळं महानगर, ट्रेन्टन-प्रिन्स्टन. उरलेल्या तीन दक्षिणेला, अटलांटिक सिटी आणि व्हाइनलँडच्या बाजूला. मेसेज लिहिणाऱ्यानं पहिली ओळ वाचली आणि बाकीचं डोक्यातून भरलं.

आणि ही "ताजी बातमी" पंचाहत्तर वर्षांची आहे. १९४९ मध्ये ही पद्धत ठरली आणि १९५०च्या जनगणनेत जे क्षेत्र मोजलं त्याचं नावच न्यूयॉर्क-ईशान्य न्यू जर्सी होतं. मिडलसेक्स आणि समरसेट तेव्हाही त्यात होत्या. त्यानंतर हे क्षेत्र फोडलं, पुन्हा जोडलं, नावं बदलली. या सगळ्या काळात न्यू जर्सीचा गव्हर्नर ट्रेन्टनलाच बसला.

कराचं एका परिच्छेदात उरकते, कारण खरं तर त्याला तेवढाही वेळ द्यायची गरज नाही. न्यूयॉर्क शहराचा आयकर शहराच्या रहिवाशांना लागतो. बाहेरून कामाला येणाऱ्यांवर पूर्वी एक कम्युटर टॅक्स होता, तो १९९९ मध्ये रद्द झाला. मॅनहॅटनमध्ये काम करणाऱ्या एडिसनकराला न्यूयॉर्क राज्याचं नॉन-रेसिडंट रिटर्न भरावं लागतं, हे खरं आणि जाचकही आहे, पण ते तो हडसन नदीच्या पलीकडे पगार कमावतो म्हणून. त्याचं क्रेडिट न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये मिळतं. ज्या बाईचं ऑफिस पिस्कॅटवेला आहे तिला यातलं काही लागत नाही, तिची काउंटी कुठल्याही मोळीत असो. रटगर्सच्या फीचंही तसंच. ती तुम्ही राज्याचे रहिवासी आहात का यावर ठरते, एमएसए तिथं कुणी विचारत नाही.

आता एच-वन. हे मी नीट लिहिणार आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फक्त गैरसमज होतो, यानं माणसाला देश सोडावा लागू शकतो.

एच-वनच्या अर्जाला एलसीए, म्हणजे कामगार खात्याकडचा लेबर कंडिशन अर्ज, जोडलेला असतो आणि त्यावर कामाची जागा लिहिलेली असते. त्या भागात त्या कामाला जो पगार चालतो त्यापेक्षा कमी देऊ नये म्हणून हे सगळं आहे, आणि तो "भाग" ठरवायला कामगार खातं एमएसए वापरतं. नियमात म्हटलं आहे की एकाच एमएसएमधली कुठलीही जागा रोज ये-जा करण्याच्या अंतरात धरायची. म्हणून त्याच एमएसएमध्ये जागा बदलली तर अमेंडमेंट लागत नाही, कंपनीनं तो एलसीए नव्या जागी, काम सुरू व्हायच्या दिवसापर्यंत, सगळ्यांना दिसेल असा लावला की झालं. मेसेजला जो काही आधार आहे तो इतकाच. जागा त्या भागाबाहेर गेली तर अमेंडमेंट लागते. एप्रिल २०१५ च्या सिमियो सोल्यूशन्स या इमिग्रेशन प्रकरणाच्या निकालात हे पक्कं झालं आणि जानेवारी २०२५ पासून ते नियमावलीतही आलं आहे. ठरावीक दिवसांच्या तात्पुरत्या कामाला सवलत आहे, पण नवा क्लायंट, नवं प्रोजेक्ट, वर्षभराचं काम त्यात बसत नाही.

आता नकाशा बघा. एडिसनहून जर्सी सिटीला गेलात, तेच एमएसए. एडिसनहून नदी ओलांडून, राज्य ओलांडून मॅनहॅटनला गेलात, तरी तेच एमएसए. आणि एडिसनहून रूट वनवरून वीसेक मैल खाली, त्याच राज्यात, मर्सर काउंटीतल्या प्रिन्स्टनला गेलात की एमएसए बदललं. चेरी हिलला गेलात, ती कॅमडेन काउंटी, फिलाडेल्फियाचं एमएसए. राज्याची सीमा इथं उपयोगाची नाही, काउंटीची सीमा उपयोगाची आहे. मेसेजनं नेमकं उलटं सांगितलं.

याहून अडचणीची गोष्ट म्हणजे प्रिन्स्टन हा पत्ता. रूट वनवरची कितीतरी ऑफिसं पत्त्यात प्रिन्स्टन लिहितात आणि प्रत्यक्षात प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये असतात. त्या दोन्ही मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे न्यूयॉर्कच्या एमएसएमध्ये. थोडं पुढे वेस्ट विंडसर, तीही पत्त्यात प्रिन्स्टन लिहू शकते, पण ती मर्सरमध्ये. पोस्टाचा पत्ता बघून काहीच कळत नाही. इमारत कुठल्या टाउनशिपमध्ये आहे आणि ती टाउनशिप कुठल्या काउंटीत आहे, हे शोधावंच लागतं. भाच्याच्या क्लायंटची इमारत मी नकाशावर त्याच्यासोबत फोनवर शोधली. वेस्ट विंडसर निघाली.

एका ग्रुपवर कुणी तरी हुशारीनं उत्तर दिलं की मर्सरला न्यूयॉर्कच्या मोठ्या संयुक्त क्षेत्रात धरलेलं आहे, म्हणजे चालतं. शेजारच्या महानगरांत ये-जा बऱ्यापैकी असेल तर त्यांची अशी आणखी मोठी मोळी करतात, आणि २०१३च्या यादीत ट्रेन्टन न्यूयॉर्कच्या त्या मोळीत होतं, हे खरं. पण कामगार खात्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे की मोठं एकत्रित क्षेत्र एक आहे म्हणून त्यातली प्रत्येक जागा आपोआप ये-जा करण्याच्या अंतरात येत नाही. त्याच व्याख्येत हेही आहे की अंतराचं ठाम माप नाही, एमएसएबाहेरची जवळची जागाही बसू शकते. बसू शकते. ते तुमच्या वकिलानं तुमच्या केसपुरतं लेखी सांगितलं तर माना. ग्रुपवरच्या काकांनी सांगितलं म्हणून मानू नका, मॅनेजरनं फोनवर सांगितलं म्हणून तर मुळीच मानू नका. उद्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनच्या वेळी जागेचा प्रश्न आला की उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, त्या मॅनेजरला नाही.

राहिला "राजकारणी दर वर्षी गुपचूप हलवतात" हा मुद्दा. मोठी फेररचना दहा वर्षांनी, जनगणनेनंतर होते, मधे लहान दुरुस्त्या होतात. ताजी मोठी यादी जुलै २०२३ ची. त्यात पेन्सिल्व्हेनियातली पाइक काउंटी न्यूयॉर्कच्या एमएसएमधून बाहेर गेली आणि नावातलं पेन्सिल्व्हेनिया गळलं. कनेटिकटमध्ये काउंट्यांऐवजी प्लॅनिंग रीजन धरले. गुपचूप यातलं काहीच नाही. २०२१च्या सुरुवातीला ५०,००० ची अट वाढवून १,००,००० करायचा प्रस्ताव होता, त्यानं १४४ शहरं महानगराच्या यादीतून खाली गेली असती. तो प्रस्ताव उघडपणे मांडला, लोकांनी आणि त्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी जोरदार हरकती घेतल्या, आणि जुलैत तो सोडून दिला.

पण ती शहरं इतकी का चिडली, हे विचारलं तर मला अर्धं मान्य करावं लागतं. या रेषा कागदावरच्या आहेत म्हणताना त्यांच्यामागून पैसा जातो हेही खरं आहे. हॉस्पिटलांना मेडिकेअरचे पैसे देताना त्या भागातल्या पगारांचा जो निर्देशांक लावतात तो याच क्षेत्रांवर बेतलेला आहे. घरभाड्याच्या मदतीसाठी योग्य भाडं किती हे ठरवतानाही हीच क्षेत्रं धरतात. नियमांचा कागद स्वतः बजावतो की ही क्षेत्रं निधी वाटपासाठी बनवलेली नाहीत, तरी खाती सोयीनं वापरतात, आणि ते मला पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये यावर एक कायदाही झाला, की आकडेवारीसाठी केलेला बदल मदतीच्या योजनांना आपोआप लागू होऊ नये. म्हणजे चिंता खोटी नव्हती. पण त्यावर बोलायचं तर मेडिकेअरवर बोला, भाड्यावर बोला. "न्यूयॉर्कचा कर लागणार" म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप कशाला उडवता? माझ्या सासूबाईंनी परवा विचारलं की आता आपलं मत न्यूयॉर्कला द्यायचं का. त्यांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी तो त्याच ग्रुपवर जाऊन काढून टाकावा आणि खाली लिहावं की एच-वनचा मुद्दा चुकीचा आहे. निदान तेवढं तरी. तो वाचून कुणी मर्सरला किंवा कॅमडेनला आधीच रुजू झालं असेल तर त्यानं कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाला आजच फोन करावा.

भाच्याचं म्हणाल तर त्यानं मॅनेजरला ईमेल केली, काउंटीचं नाव लिहून. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग कंपनीच्या वकिलाकडून आलं की अमेंडमेंट लागेल, कागद पाठव. अर्ज दाखल झाला की नव्या जागी काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे फार दिवस जाणार नाहीत. तोवर तो एडिसनच्याच ऑफिसात बसतो आहे.