‘मराठी मीडियमच्या पोरांनी सायन्स घेऊ नये’ म्हणे! त्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की गल्लीच्या, गणेशोत्सव मंडळाच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा एकाच दुपारी तीन-चार जणांकडनं आला, त्यातले एक तर आमचे काकाच. मेसेज लांबलचक आहे पण म्हणणं थोडक्यात असं, की बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या पोरांनी सायन्सच्या नादाला लागू नये, अकरावीत ती आपटतातच. घ्यायचंच असेल तर पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो) घ्या, नाहीतर गणित सोडून कम्प्युटर बायफोकल घ्या. बोर्डाला आणि प्रॅक्टिकलला काही किंमत नाही, सरळ क्लास लावा. एकदा नापास झालं की वर्ष गेलं. आणि एवढं करूनही सीमाभागातल्या पोराला ना कर्नाटकात सीट मिळते ना महाराष्ट्रात. खाली ‘पालकांनो जागे व्हा’ आणि हात जोडलेले.

मी पीयू कॉलेजात, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबला असतो, त्यामुळं ही पोरं रोज बघतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक टाकली की झालं.

आधी ते बायफोकल घेऊया, कारण मेसेज कुठनं आलाय ते तिथंच कळतं. बायफोकल ही महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीतली भानगड आहे, तिथं दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्याजागी २०० मार्कांचा व्होकेशनल विषय घेता येतो. आमच्या पीयूत असलं काही नाहीच! इथं इंग्लिश आणि आणखी एक भाषा, वर चार विषय, प्रत्येकी १०० प्रमाणं ६०० मार्क, भाषा सोडायची सोयच नाही. (ती दुसरी भाषा मराठी घेता येते, फक्त कॉलेजात शिकवायला माणूस आहे का ते विचारून घ्या.) गणित सोडायचंही तसंच. कोल्हापूरला गणित सोडून बायोवर बारावी करणारी पोरं भरपूर आहेत, आमच्याकडं बहुतेक कॉलेजात सायन्स म्हटलं की गणित गळ्यात पडतंच. म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या पालकांसाठी लिहिलेलं कुणीतरी उचललं, वर ‘सीमाभाग’ चिकटवलं आणि दिलं पाठवून. पाव्हण्यांचा सल्ला प्रेमाचा असतो हो, पण त्यांचं बोर्ड वेगळं, आपलं वेगळं. जे पोर गणिताला घाबरतंय त्याला ‘सायन्स घे, गणित सोडता येतंय’ असं सांगून पाठवलं तर ते जूनमध्ये येऊन रडणार.

आता मुख्य मुद्दा, मराठी माध्यमाच्या पोरांना सायन्स झेपत नाही हा. इथं मी जरा वेळ घेणार.

पहिली गोष्ट, कर्नाटकाच्या मराठी माध्यमाचं दहावीचं सायन्सचं पुस्तक म्हणजे एनसीईआरटीचंच, केंद्राचं, पुस्तक मराठीत केलेलं आहे. भिंगाचं सूत्र, विद्युतधारा, आम्ल-अल्कली, आनुवंशिकता, सगळं तेच. बेळगावच्या कॅम्पातल्या इंग्लिश मीडियमच्या पोरानं काही जास्तीचं सायन्स शिकलेलं नसतं. फर्स्ट पीयूला जे अंगावर येतं ते म्हणजे व्हेक्टर, मोल कन्सेप्ट, लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह, आणि ते सगळ्यांनाच नवीन असतंय. पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये लाल शेरे इंग्लिश मीडियमवाल्यांचेही असतात, फक्त त्यांच्या घरी ‘मीडियममुळं झालं’ असं कुणी म्हणत नाही, ‘अभ्यास केला नाहीस’ म्हणतात.

त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. होतो. सुरुवातीचे काही महिने पोरं प्रश्न दोन-दोनदा वाचतात, वर्गात तोंड उघडत नाहीत, लेक्चरर भराभर पुढं गेला की वहीत नुसतंच उतरवून घेतात. पण हा त्रास वाचायचा आहे, डोक्याचा नाही, आणि त्याच्यावर उपाय अगदी साधा आहे. निकाल आणि कॉलेज सुरू व्हायच्या मधल्या दिवसांत दहावीचंच सायन्स आणि गणिताचं पुस्तक इंग्लिशमधलं वाचायचं. एनसीईआरटीच्या साईटवर फुकट आहे. धडा आधीच मराठीतनं पाठ असतो, त्यामुळं समजून घ्यायचं काही नसतं, फक्त तीच गोष्ट इंग्लिशमध्ये कशी मांडलीय तेवढं डोळ्याखालनं जातं. त्याऐवजी लोक काय करतात तर पोराला ‘स्पोकन इंग्लिश’ला घालतात आणि ते पोर महिनाभर हॉटेलात टेबल कसं बुक करायचं ते शिकतं!

यात एक सावधगिरी. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, पेपर मराठीतनं पण असतो असं ऐकून काही जण निवांत बसतात. असतो हे खरं, पण मराठी पेपरची सेंटरं महाराष्ट्रात असतात. तेव्हा त्या भरवशावर राहू नका, इंग्लिश पेपरचीच सवय करा.

आता ‘प्रॅक्टिकल म्हणजे फुकटचे मार्क’ हे घ्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, प्रत्येकात ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल असतं, कम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सलाही तसंच, गणिताला ८० आणि २० इंटर्नल. एवढे मार्क ज्याला फुकटचे वाटतात त्यानं एकदा आमच्या लॅबला येऊन उभं राहावं. सेकंड पीयूला परमँगनेटचं टायट्रेशन असतं, म्हणजे एक सोल्युशन दुसऱ्यात थेंब थेंब सोडून किती लागतं ते मोजायचं. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अॅसिड, त्यात पातळ सल्फ्युरिक घालून गरम केलेलं, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या उभ्या नळीत, जांभळंगर्द परमँगनेट. बाकी सोल्युशनचं रीडिंग नळीतल्या पातळीच्या खालच्या कडेला घ्यायचं असतं, पण हे इतकं गडद असतंय की खालची कड दिसतच नाही, म्हणून वरच्या कडेचं घ्यायचं. हे न कळलेली पोरं दरवर्षी असतात, आणि त्यात मीडियमचा काही संबंध नसतो.

खानापूरकडची एक पोरगी होती, मराठी शाळेतनं आलेली, वर्गात कधी आवाज ऐकला नसेल कुणी. टायट्रेशन करता करता थांबली आणि हळूच मराठीत विचारलं, “सर, पहिल्या थेंबाचा रंग जायला एवढा वेळ लागला, मग पुढचे पटापट कसे काय जायलेत?” मी बघतच राहिलो. कारण तो खरा प्रश्न आहे. रिअॅक्शनमध्ये जे मँगनीजचे आयन तयार होतात तेच पुढच्या रिअॅक्शनला वेग देतात, म्हणून सुरुवातीला सावकाश आणि नंतर झपाट्यानं. शेजारी इंग्लिश मीडियमचे दोन बहाद्दर एकमेकांचं रीडिंग उतरवून घेत होते, त्यांना रंग गेला काय आणि राहिला काय. आता ह्यातल्या कुणाला सायन्स झेपत नाही म्हणायचं ते त्या मेसेजवाल्यानं सांगावं.

बोर्डाला किंमत नाही, क्लास लावा, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. नीटपुरतं खरं आहे, तिथं रँक नीटच्या ७२० मार्कांवरच लागते, बोर्डाचे मार्क फक्त पात्रतेपुरते. पण आपल्याकडची बहुतेक पोरं जातात इंजिनिअरिंगला, केसीईटीनं, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीनं, आणि तिथली रँक निम्मी सेकंड पीयूच्या फिजिक्स-केमिस्ट्री-गणितावर आणि निम्मी सीईटीवर असते. हिशोब करून बघा की. एकाला पीयूला ३०० पैकी २७० आणि सीईटीला १८० पैकी ९० पडले, तर त्याचे झाले ४५ अधिक २५, म्हणजे ७०. दुसरा क्लासच्या नादात बोर्डात १८० वर आला पण सीईटीला १२० काढले, त्याचे ३० अधिक ३३.३३, म्हणजे ६३.३३. सीईटीला ३० मार्क जास्त काढूनही तो मागंच. आणि ते बोर्डाचे मार्क काढायला प्रॅक्टिकल पायजे, अटेंडन्स ७५ टक्के पायजे, वही पायजे.

क्लासवाल्यांशी माझं वैर नाही, माझा मेव्हणाच क्लास घेतो. पण काही ठिकाणी, नाव घेत नाही, ‘इंटिग्रेटेड’च्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नावाखाली लॅबचे तास टेस्टला देऊन टाकतात आणि परीक्षेच्या तोंडावर एका रविवारी सगळ्या जर्नल भरून घेतात. ती पोरं परीक्षेला आली की पिपेट कुठल्या बोटानं बंद करायची तेही माहीत नसतं. अॅडमिशनला गेलात की फी विचाराच, पण आठवड्यात लॅबचे तास किती आणि एका बॅचला पोरं किती हेही विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर समजून जा.

पीसीएमबी घेतलं की सगळी दारं उघडी, बाकीचं म्हणजे दारं बंद. हे तर इतक्या शिकल्या-सवरल्या लोकांकडनं ऐकलंय! पीसीएमबीनं सगळीकडं जाता येतं हे बरोबर, पण त्यासाठी दोन वर्षं गणित आणि बायो दोन्ही ओढायचं, आणि ज्या पोराला बेडकाचं चित्र बघूनच कंटाळा येतो त्यानं ते कशासाठी ओढायचं? पीयूत कम्प्युटरचं पीसीएमसी आहे, इलेक्ट्रॉनिक्सचं पीसीएमई आहे, स्टॅटिस्टिक्सचं पीसीएमएस आहे. सगळ्या कॉलेजात सगळं नसतं, म्हणून आधी विषयांची यादी बघायची, मग बिल्डिंग. इंजिनिअरिंगला फिजिक्स-गणित सक्तीचं, तिसरा विषय केमिस्ट्री, बायो, कम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स यातला चालतो. बी-फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायो, काहीही. कम्प्युटर इंजिनिअर व्हायला पीयूला कम्प्युटर असलंच पायजे असं पण नाही, बायोवाली पोरं जातातच की. आणि बायो सोडलं की मेडिकल कायमचं बंद, हे तर आता जुनं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं नोटीस काढली की बारावी झाल्यावर बायो जादा विषय म्हणून पास झालेला असला तरी नीटला चालतो. सोपं आहे असं नाही, पण दाराला कुलूप नाही एवढं खरं. बीएससी करून काय दिवे लावणार असं विचारणाऱ्यांनी एकदा उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्र्यांच्या टेस्टिंग लॅबमध्ये कोण काम करतंय ते बघून यावं, किंवा बेळगावातल्याच निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करावी. एवढी ऊस-साखर आपल्या जिल्ह्यात आणि आपल्याच लोकांना ते ठाऊक नाही.

नापास झालं की वर्ष गेलं, हे चूक. २०२४ पासून एकाच वर्षात एकापेक्षा जास्त संधी असतात (२०२४ आणि २०२५ ला परीक्षा १, २, ३ अशा तीन होत्या), आणि ज्या परीक्षेत जास्त मार्क ते ठेवता येतात. संपला मुद्दा.

राहिला शेवटचा, ना इकडं ना तिकडं हा. हा लोकांना सगळ्यात पटतो कारण आपली सवयच तशी झालीय, आणि तक्रारीला कारणं नाहीत असंही नाही. केसीईटीत १ ली ते १० वी कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के कोटा आहे, तो आपल्या पोरांना नाही, ही गोष्ट खरी. पण ग्रामीण कोटा १५ टक्के आहे आणि त्याला माध्यमाची अट नाही, १ ली ते १० वी कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. खेड्यातल्या मराठी शाळेतली कितीतरी पोरं त्यात बसतात आणि फॉर्म भरताना तो रकाना कोरा सोडतात! बीएससी अॅग्रीला शेतकऱ्यांच्या पोरांसाठी वेगळा कोटा आहे, त्याची प्रॅक्टिकल परीक्षा पण वेगळी असते. अकरावी-बारावी कोल्हापूरला केली की कर्नाटकातला हक्क जातो असंही म्हणतात. तर नियम असा, की पहिली ते सेकंड पीयूपर्यंत किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी यातली एक इथनं पास असावी. दहावीपर्यंत इथंच शिकलेलं पोर त्यात आरामात बसतं.

आणि तिकडं म्हणाल तर, महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात टाइप-ई म्हणून एक प्रकारच आहे, सीमावादग्रस्त भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतनं दहावी किंवा बारावी केलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या पोरांसाठी. त्याला एमएचटी-सीईटी द्यावी लागते, ती वेगळी परीक्षा, २०० मार्कांची, निगेटिव्ह मार्किंग नाही, जास्त भर बारावीवर आणि थोडं अकरावीचं. केसीईटीलाही निगेटिव्ह नाही, दोन्हीकडं फिजिक्स-केमिस्ट्री-गणितच, म्हणजे एकाच अभ्यासावर दोन्ही देता येतात.

फक्त कागद आधी गोळा करा. शाळेची स्टडी सर्टिफिकेटं, त्यावर बीईओची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची) सही, ग्रामीणचा दाखला, महाराष्ट्रासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा दाखला त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात. शाळा बदललेली असेल तर प्रत्येक शाळेचं वेगळं लागतं, आणि मे महिन्यात शाळेत गेलं की क्लार्क गावाला गेलेला असतो. तेव्हा दहावीचं पोर घरात असेल तर हे काम दिवाळीच्या सुट्टीआधीच उरकून टाका.